कागदीपुऱ्याचा कागद जुन्नरचा

आळेफाट्याला हे नाव कसे पडले, असे कुणी विचारत नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. फाटा म्हणजे फाटा. आळे गावात ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे, म्हणून वारकऱ्यांना ते वेगळे सांगावे लागत नाही. पण याच तालुक्याने पुण्यातल्या एका मोहल्ल्याला दिलेले नाव मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नाही.

कसबा पेठेतला कागदीपुरा तो. कागदी म्हणजे कागद करणारे, पुरा म्हणजे वस्ती. इथले कारागीर मुसलमान आणि मूळचे जुन्नरचे, असे सांगितले जाते. १४९० साली मलिक अहमदाने निजामशाहीचा पाया जुन्नरलाच घातला. राजधानी पुढे हलली, पण दफ्तरे, वह्या आणि पोथ्या यांच्यामुळे कागदाची मागणी राहिली. जुन्नरी कागदाचे नाव दूरवर होते.

हे काम कष्टाचे. जुनी गोणपाटे कापायची, भिजवायची, कुटायची, चुन्यात घालायची आणि नदीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायची. मग लगद्यातून चाळणीवर ताव उचलून भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते. कसबा पेठ मुठेच्या काठाला का धरून होती, हे या एका धंद्यावरूनही कळते. मुसलमान कारागिराच्या हाताने घोटलेल्या तावावर पेशवाईतला कारकून मोडीत हिशेब लिही आणि देवळातला पुजारी पोथी. रमजानच्या दिवसांत हे आवर्जून आठवते. कुरआन याच महिन्यात उतरले आणि त्याच्या अवतरणाचा आरंभच वाचण्याच्या आणि लेखणीच्या गोष्टीने झाला, असे मानतात.

पुण्याच्या पेठांनाही अशी दुहेरी नावे होती. रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर, मलिक अंबरवरून. शनिवार पेठ म्हणजे मुर्तझाबाद. औरंगजेबाचा नातू पुण्यात वारला, त्याच्या नावावरून १७०३ मध्ये मुहियाबाद वसले. आज तिथे बुधवार पेठ आहे. राज्यकर्त्यांनी ठेवलेली ही नावे पुढच्या राज्यकर्त्यांच्या काळात गेली आणि वारांची नावे आली. त्यात फार दुःख करण्यासारखे नाही. आठवड्याचा वार सगळ्यांचाच असतो.

कारागिरांची नावे मात्र चिवट निघाली. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी. गंज पेठेजवळचा मोमीनपुरा विणकरांचा. राज्ये बदलली तरी ही टिकली, कारण ती फर्मानाने पडलेली नव्हती. गिऱ्हाइकाने विचारले, 'कागद कुठे मिळेल?' आणि वाटसरूने बोट दाखवले, एवढाच त्यांचा उगम.

एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आला आणि कागदीपुऱ्याचा धंदा बसला. पाटी राहिली, चाळण्या गेल्या. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात हातकागदाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली आणि १९४० साली शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. लग्नपत्रिकेसाठी जाड, खरखरीत कागद शोधणारी माणसे आजही तिकडे वळतात. तिथून कागदीपुरा फार दूर नाही, नदीच्या पलीकडेच आहे.