धनुष्य टोकाशीच का चिरतं? दोरीची खाच नीट कशी करायची

महिनाभर तासून, उन्हात सुकवून, तेल पाजून धनुष्य तयार होतं. पहिल्यांदा दोरी चढवली जाते, ओढ घेतली जाते आणि टोकाशी 'कट्' असा आवाज येतो. लाकूड चांगलं, बाक चांगला, पण दोरी अडकवायची खाच चुकलेली. नुकसान फक्त मेहनतीचं होत नाही. सुटलेली दोरी किंवा उडालेला तुकडा थेट डोळ्यावर येऊ शकतो. म्हणून अर्ध्या पेराएवढ्या या खाचेबद्दल आज सविस्तर.

रावपुऱ्यापासून सातपुड्यापर्यंत

बडोद्याच्या रावपुरा-दांडियाबाजार भागातल्या मराठी माणसाला व्यायामाची परंपरा सांगायला नको. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकराव ही नावं घराघरांत माहीत आहेत. द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' याच शहरातला. पण धनुष्याची रोजच्या वापरातली विद्या पाहायची तर बडोद्याहून पूर्वेला छोटा उदेपूर किंवा दक्षिणेला सातपुड्यात नंदुरबारकडे जावं लागतं. तिथल्या राठवा, भिल्ल, पावरा घरांत तीरकमठा आजही दिसतो.

शब्दही सीमा ओलांडून जातात. मराठीत कमठा, गुजरातीत कामठुं. आपली खाच, त्यांचा खांचो. कानडीत धनुष्याला बिल्लू म्हणतात, तमिळमध्ये विल्. 'भिल्ल' हे नाव याच मुळावरून आलं, असं बरेच अभ्यासक मानतात. अमरकोशात तर धनुष्याच्या टोकाला 'कोटी' आणि 'अटनी' अशी खास नावं आहेत. म्हणजे टोकाचं महत्त्व जुन्यांना पक्कं ठाऊक होतं.

खाचेवर ताण किती?

दोरी नुसती चढवलेली असते तेव्हाही खाचेवर सतत ओढ असते. बाण सुटून दोरी सरळ होते, त्या क्षणी बसणारा झटका तर आपण हाताने ओढलेल्या जोरापेक्षा कितीतरी जास्त असतो. हा सगळा भार दोन-तीन मिलिमीटरच्या जागेवर येतो.

आता लाकडाचे तंतू लक्षात घ्या. धनुष्याची निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ, आपल्याकडची बाजू म्हणजे पोट. वाकताना पाठीचे तंतू ताणले जातात, पोटाचे दाबले जातात. ताणलेला तंतू कापला की चीर तिथूनच सुरू होते. म्हणून पहिला नियम: पाठीवर आडवी खाच कधीही पाडायची नाही. खाच दोन्ही बाजूंना, उतार पोटाकडे.

कोणती खाच निवडायची?

*बाजूची खाच:* साग, बाभूळ यांसारख्या घट्ट लाकडाला आणि नवशिक्याला हीच बरी.

*खांदा:* टोक दोन्ही बाजूंनी निमुळतं करून पायरी ठेवायची आणि दोरीचा फासा त्या पायरीवर बसवायचा. बांबूला सोयीची.

*दोऱ्याचा खांदा:* लाकूड मऊ किंवा टोक बारीक असेल तर कापूच नका. सुती दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन, डिंक किंवा इपॉक्सी लावून उंचवटा करा. फासा त्यावर अडतो.

*शिंगाची टोपी:* इंग्लंडच्या जुन्या लांब धनुष्यांना अशा टोप्या असत. म्हशीचं शिंग चालतं. हरणाच्या किंवा सांबराच्या शिंगाला मात्र हात लावू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकाल.

भिल्ली कमठ्याला बांबूच्याच पातळ पट्टीची दोरी असते. पट्टीला गाठ बसत नाही, म्हणून तिच्या टोकांना दोऱ्याचे फासे बांधतात आणि ते फासे खांद्यावर बसतात. दोरी कशाची आहे हे आधी ठरवा, खाच त्यानंतर.

करायची पद्धत

१. टोकाची रुंदी निदान १२ मिमी ठेवा. टोकापासून २० ते २५ मिमीवर पेन्सिलीने दोन्ही बाजूंना खूण करा.

२. चार-पाच मिमीची गोल कानस घ्या. (दुकानात 'कानस' म्हटलं की मराठी-गुजराती दोन्हींत काम भागतं.) करवत किंवा चाकू नको. त्याने टोकदार कोपरा पडतो आणि चीर तिथूनच जाते.

३. खाच सरळ आडवी नको, सुमारे ४५ अंशांत तिरकी हवी. पाठीकडे टोकाच्या जवळ, पोटाकडे मुठीच्या दिशेने उतरती.

४. खोली दोन ते तीन मिमी, दोन्ही बाजूंना सारखी. एक बाजू खोल गेली तर दोरी सरकते आणि धनुष्य पिळवटतं.

५. पॉलिश पेपरने कडा गोल करा. बोट फिरवून पाहा. बोटाला टोचलं तर ती कड दोरीलाही कापणार.

६. खाचेच्या लगेच खाली दोऱ्याचे दहा-बारा वेढे द्या, वर जवसाचं तेल.

बांबू असेल तर पेराची गाठ टोकाजवळ येईल असा तुकडा निवडा. गाठीजवळ तंतू गुंतलेले असतात, त्यामुळे उभी फट पुढे सरकत नाही. बांबूची साल पाठीकडे ठेवा.

शेवटची तपासणी

दोरी चढवून धनुष्य लांब धरा. दोरी मुठीच्या बरोबर मधून जाते का? नसेल जात, तर जी बाजू उथळ वाटते ती किंचित घासा. मग पाव ओढ, अर्धी ओढ, असं हळूहळू वाढवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, समोर कुणी उभं नको. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. तो सगळा झटका खाचेवरच येतो.

ऑलिम्पिकमध्ये तीनदा उतरलेले लिंबाराम यांनी लहानपणी बांबूच्याच धनुष्यावर हात बसवला होता. देशातल्या 'इंडियन राउंड' स्पर्धांत आजही बांबूची धनुष्यं चालतात. गावातलं एखादं पोर उद्या तिथे उभं राहणार असेल, तर त्याच्या हातातलं धनुष्य टोकाशी तरी फसवणारं नसावं.