घोरणारा कंठ आणि गाणारा कंठ

बीड जिल्ह्यांत एखाद्या गांवीं हरिनाम सप्ताह बसला, म्हणजे त्या गांवाची रात्र फार आंखूड होते. नऊच्या सुमारास कीर्तनास आरंभ व्हावयाचा. अकरापर्यंत बुवांनीं अभंग गावा, त्याचें निरूपण करावें, मध्येंच एखादा दृष्टान्त देऊन मंडळींस हंसवावें आणि पुन्हां टाळमृदंगाच्या गजरांत स्वर वर न्यावा. पुढें जेवण, गप्पा, आणि पाठ टेकते न टेकते तोंच पहांटेच्या काकड्याची वेळ. बुवा निजले, म्हणजे त्यांचें घोरणें शेजारच्या ओसरीपर्यंत ऐकूं जातें, आणि टाळकरी मंडळी त्यावर मनमुराद विनोद करतात. 'बुवांचें कीर्तन झोंपेंतहि चालूंच आहे' हा त्यांतला ठरलेला विनोद. परंतु लक्ष देऊन ऐकणारास त्या घोरण्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. आवाज चढत चढत जातो आणि एकाएकीं अजिबात थांबतो. दहा, वीस, कधीं तीस सेकंद कांहींच ऐकूं येत नाहीं. छाती हलत असते, पण नाकातोंडाशीं वारा नसतो. मग बुडालेल्या माणसानें पाण्यावर डोकें काढावें तसा मोठ्या आवाजानें श्वास फुटतो आणि घोरणें पुन्हां सुरू होतें. विनोद करणारांनीं हंसावयाचें थांबावें, तें येथें.

वैद्यकशास्त्र या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतें. मराठींत त्यास निद्राश्वासरोध म्हणतां येईल. श्वास निदान १० सेकंद बंद पडणें, किंवा तो फार मंद होऊन रक्तांतील प्राणवायु उतरणें, अशा घटना झोंपेच्या एका तासांत किती होतात यावर विकाराचें मान ठरवितात. ५ पेक्षां कमी असल्यास सहसा चिंता नाहीं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तीव्र विकाराचा माणूस रात्रींतून शेंकडों वेळां अर्धवट जागा होतो, आणि सकाळीं त्यास त्यांतलें एकहि जागणें आठवत नाहीं. आठवतो तो शीण, डोकेंदुखी, आणि दुपारीं बसल्या बसल्या येणारी डुलकी. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. गाणाऱ्यांच्या जगांत हा विकार किती जवळ आहे, याची आठवण २०२२ च्या फेब्रुवारींत मुंबईस झाली. संगीतकार व गायक बप्पी लाहिरी वयाच्या ६९ व्या वर्षीं वारले, तेव्हां रुग्णालयाकडून मृत्यूचें कारण म्हणून याच विकाराचें नांव घेतलें गेलें.

तरीहि, ज्याचें पोट आवाजावर आहे अशा माणसास उपचार करण्यास सांगितलें, तर त्याचा पहिला प्रश्न प्राणाविषयीं नसतो. 'आवाज राहील ना?' एवढेंच तो विचारतो. कीर्तनकाराच्या बाबतींत या प्रश्नास दुहेरी धार आहे, कारण गवयास केवळ गावें लागतें, वक्त्यास केवळ बोलावें लागतें. कीर्तनकारास दोन तास दोन्ही करावें लागतें, आणि तेंहि बहुधा उभें राहून. त्याच्या भीतीस आधार आहे. परंतु ती भीति सगळ्या उपचारांस सरसकट लावली जाते, ही मात्र चूक आहे.

स्वर जन्मतो तो स्वरयंत्रांतील दोन लहानशा पडद्यांमध्यें. त्यांस स्वरतंतु म्हणतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यांत ते सेकंदास सुमारें शंभर ते सव्वाशें वेळां आणि स्त्रीच्या बोलण्यांत सुमारें दोनशें वेळां कंप पावतात. पण तेवढ्यानें जो ध्वनि निघतो, त्यास माणसाचा आवाज म्हणतां येणार नाहीं. ती एक बारीकशी गुणगुण असते. तिला रंग, गोडवा आणि ओळख देते ती वरची पोकळी : घसा, जिभेचें मूळ, मृदु तालु, पडजीभ, तोंड आणि नाक. तंबोऱ्याची तार आणि तंबोऱ्याचा भोपळा यांचें जें नातें, तेंच येथें आहे. आतां निद्राश्वासरोधांत मिटतें तें काय? हीच पोकळी. जागेपणीं तिच्या भोंवतालचे स्नायु तिला ताठ धरून ठेवतात. झोंपेंत ते सैल पडले कीं जीभ मागें सरकते, मृदु तालु खालीं लोंबते आणि वाट बंद होते. मान जाड असली, गळ्याभोंवतीं मेद सांचला असला, जबडा आंखूड असला, तर हें लवकर होतें. म्हणजे रोगाचें ठिकाण आणि स्वराचा भोपळा एकच आहे. आणि म्हणूनच या रोगाचा उपचार आवाजाला लागल्यावांचून राहत नाहीं.

उपचार न केल्यासहि आवाज सुखरूप राहतो अशी समजूत असेल, तर ती अगोदर सोडावी. रात्रभर उघड्या तोंडानें ओढलेली हवा घसा वाळविते. घोरण्याच्या कंपानें पडजीभ सुजते. अशा रुग्णांपैकीं पुष्कळांस जठरांतील आम्ल वर येण्याचाहि त्रास असतो, आणि तें आम्ल स्वरयंत्रापर्यंत पोंचलें तर सकाळचा आवाज बसका निघतो. अपुऱ्या झोंपेनें दम कमी पडतो तो निराळाच. 'अलीकडे काकड्याला स्वर लागत नाहीं' असें म्हणणारे बुवा त्याचें खापर वयावर, थंडीवर किंवा आदल्या रात्रीच्या दह्यावर फोडतात. घोरण्यावर कोणी फोडीत नाहीं.

या विकारावरील मुख्य उपचार म्हणजे हवेचा दाब देणारें यंत्र. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. कल्पना अगदीं साधी आहे. नाकावर मुखवटा बांधावयाचा आणि त्यांतून मंद दाबाची हवा सारखी आंत सोडावयाची. तो दाबच घशाची सैल नळी आंतून उघडी धरतो. दिव्याची कांच वाऱ्याला अडविते, येथें वाराच भिंतीला अडवितो. हीं यंत्रें सी-पॅप या नांवानें ओळखलीं जातात, आणि त्यांचा दाब बहुधा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा ठेवतां येतो. यांत कोठें कापाकापी नाहीं; भोपळा जसाच्या तसा राहतो. त्रास होतो तो तारेला. स्वरतंतूंवर ओलसर आवरणाचा जो पातळ थर असतो, त्याच्या ओलाव्यावरच त्यांचा सुलभ कंप अवलंबून आहे. रात्रभर वेगानें वाहणारी कोरडी हवा तो ओलावा नेते, आणि सकाळीं आवाज खरखरीत, जड, वरच्या स्वरांस नकार देणारा होतो. बीडसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यांत, जेथें चैत्रवैशाखाची हवा आधींच भट्टींतून आल्यासारखी असते, तेथें हें अधिक जाणवावें यांत नवल नाहीं.

याचा परिहार यंत्रांतच आहे. हवा कोमट पाण्यावरून नेऊन ओली करणारें भांडें बहुतेक यंत्रांस जोडतां येतें. त्यांत शुद्ध केलेलें पाणी घालावयाचें, विहिरीचें किंवा बोअरचें क्षारयुक्त पाणी घालावयाचें नाहीं. दुसरी गोष्ट तोंडाची. मुखवटा नाकावर आणि तोंड मात्र उघडें, असें झालें तर हवा नाकांतून शिरते व तोंडांतून निसटते, आणि घसा दुप्पट वेगानें वाळतो. नाक चोंदलेलें असल्यानें तोंड उघडत असेल, तर नाकाचा उपचार आधीं करावा लागतो. एरव्हीं तोंडासकट झांकणारा मुखवटा वापरून पाहतां येतो. कांहींच्या पोटांत हवा जाते, सकाळीं ढेंकरा येतात, पोट फुगतें. गाणाऱ्यास हें फार अडचणीचें, कारण त्याचा सारा श्वास पोटाच्या आधारावर तोललेला असतो. दाब योग्य बसविल्यास हा त्रास बहुधा कमी होतो. या यंत्रानें स्वरतंतूंस कायमची इजा होते असें मात्र दिसून आलेलें नाहीं. मुखवटा काढल्याबरोबर काकड्याचा वरचा स्वर लावूं नये. पाणी प्यावें, अर्धापाऊण तास जाऊं द्यावा, ओठ मिटून हलकें गुणगुणावें आणि मग गळा मोकळा करावा.

शस्त्रक्रियेची गोष्ट याच्या उलट आहे. ती तारेला हात लावीत नाहीं. ती भोपळा कोरते. पडजीभ व मृदु तालूची कड कापून वाट रुंद करण्याची पद्धति जपानांत इकेमात्सु यांनीं घोरण्यावर १९६४ च्या सुमारास मांडली, आणि फुजिता यांनीं १९८१ सालीं ती निद्राश्वासरोधासाठीं प्रसिद्ध केली. मृदु तालूचें काम काय, हें मराठी बोलणारास एका क्षणांत पडताळून पाहतां येईल. 'ब' आणि 'म' हीं दोन्ही अक्षरें ओठ मिटूनच म्हटलीं जातात. फरक एवढाच कीं 'ब' म्हणतांना मृदु तालु वर उचलून नाकाची वाट बंद करते, आणि 'म' म्हणतांना ती वाट उघडी राहते. ही झांपच तोकडी झाली, तर 'बाबा' म्हणावयास जावें आणि ऐकणारास त्यांत 'मामा'ची छटा लागावी, असा प्रकार होऊं शकतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले कांहीं आठवडे आवाज नाकांतून येणें, पाणी पितांना तें नाकांत चढणें, हें बऱ्याच जणांस होतें व तें ओसरतें. थोड्यांच्या बाबतींत तें कायम राहतें. साध्या बोलण्यांतील फरक पुष्कळदां इतका सूक्ष्म असतो कीं घरच्यांसहि तो कळत नाहीं. पण गाणारास कळतो. ज्या जागेवर तो वर्षानुवर्षें स्वराचा ठेका घेत आला, ती जागाच हललेली असते.

येथें बीडची एक विशेष गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि उर्दू ही आजहि येथील अनेक घरांची भाषा आहे. उर्दूंतला शुद्ध 'क़ाफ़' जिभेचें मूळ पडजिभेशीं भिडवून उच्चारला जातो. मराठी 'क' त्याच्या बराच पुढें. तेव्हां कव्वाली किंवा नात गाणाऱ्यानें पडजिभेच्या शस्त्रक्रियेपूर्वीं अभंग गाणाऱ्याहून एक प्रश्न जास्त विचारावा, हें उचित होईल. अलीकडे कापून टाकण्यापेक्षां स्नायु ताणून शिवण्याकडे आणि पडजीभ राखण्याकडे शस्त्रवैद्यांचा कल आहे. ज्याचा आवाज हाच व्यवसाय आहे, त्यानें आपला व्यवसाय पहिल्याच भेटींत सांगावा.

खालचा जबडा पुढें धरणारी, दांतांवर बसणारी पट्टी सौम्य व मध्यम विकारांत चालते. तिनें सकाळीं जबडा आंखडतो, तोंड पूर्ण उघडत नाहीं. कांहीं वेळानें तें सुटतें, परंतु वर्षांनंतर दांतांची बैठक थोडी बदलूं शकते. वजन उतरविण्यानें विकाराचा जोर कमी होतो, हें तर सर्वश्रुतच आहे.

गाण्यानेंच हा विकार बरा होईल काय, असाहि एक प्रश्न विचारला जातो, आणि तो दिसतो तितका भाबडा नाहीं. २००६ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत स्वित्झर्लंडमधील एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियांतील आदिवासींचें डिजेरिडू नांवाचें लांब सुषिर वाद्य २५ रुग्णांपैकीं कांहींनीं चार महिने वाजविलें, आणि न वाजविणारांपेक्षां त्यांची दिवसाची झोंपाळूपणाची तक्रार व रात्रींचे श्वासरोध कमी झाले. घशाच्या स्नायूंस व्यायाम घडला, असा त्याचा अर्थ लावतात. आपल्याकडील सनईवाल्यांचा असा प्रयोग कोणी करील तर तो कुतूहलाचा होईल. परंतु एवढ्यावरून 'बुवा तर रोजच गातात, त्यांना हें होणार नाहीं' असें मानणें धोक्याचें आहे. रोज गाणारे कंठहि रात्रीं मिटतात.

निदानासाठीं रात्रभर श्वास, प्राणवायु व झोंप यांची नोंद घेतात; सोयीचें असेल तेथें लहान उपकरण लावून ही चांचणी घरींहि करतां येते. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कानानाकघशाच्या तज्ज्ञाकडून पहिली तपासणी व पुढील दिशा मिळण्यास जिल्ह्यांतील माणसानें दूर जाण्याचें कारण नाहीं. उपचार सुरू होण्यापूर्वीं रुग्णानें आपला आवाज मोबाईलवर नोंदवून ठेवावा : एक उतारा बोलून, एक अभंग गाऊन, आणि एक 'आ' दमभर लांबवून. तीन महिन्यांनीं तोच पाठ पुन्हां नोंदवून दोन्ही शेजारीं ऐकले, म्हणजे आवाज खरोखर बदलला कीं मनानेंच भीति घेतली, याचा निवाडा होतो. फरक पडला असेल, तर तज्ज्ञासहि ती नोंद फार उपयोगी पडते.

उरते ती विजेची अडचण. रात्रीं वीज गेली, म्हणजे यंत्र थांबतें आणि मुखवट्याच्या आंत गुदमरून माणूस जागा होतो. यास बॅटरी किंवा इन्व्हर्टर हा उपाय आहे. मात्र पाणी कोमट करणारें भांडें बरीच वीज खातें, तें लक्षांत घेऊन सोय करावी लागते. सप्ताहाच्या यजमानांकडे बुवांच्या व्यवस्थेची यादी पूर्वापार ठरलेली असते : ऊन पाणी, दूध, तिखट कमी असलेली भाजी, निजावयास आडबाजूची खोली. अलीकडे एखाद्या यादींत उशापाशीं विजेचा चालू प्लग, हीहि एक ओळ वाढलेली दिसली, तर टाळकऱ्यांनीं तिचा विनोद करूं नये.