आंबट कोण, दूध की आकडा?

१९८३ सालची गोष्ट. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आमचं घर आणि गोठ्यात दोन संकरित गाई. अब्बा सायकलला कॅन बांधून दूध संकलन केंद्रावर न्यायचे, मागं कॅरिअरवर मी. एका सकाळी तिथल्या माणसानं आमच्या दुधात औषधाचे दोन थेंब टाकले, काचेच्या उभ्या नळीतून काहीतरी थेंबथेंब सोडलं आणि आकडा बघून म्हणाला, "चाचा, दूध आंबट आहे. रात्रीचं शिळं मिसळलंय तुम्ही." रांगेत वीसेक माणसं होती. अब्बा काही बोलले नाहीत, कॅन उचलून निघाले.

पुढं मी बी.ए. झालो, कविता करू लागलो. विज्ञानाशी संबंध तुटला. पण त्या नळीचं कोडं मनातून जाईना. ते सुटलं दौंडला, माझ्या भाचीच्या घरी. ती रसायनशास्त्र शिकवते. मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मामू, तुम्ही नुसता आकडा ऐकलात. रेघ कुठं पाहिलीत?" आणि तिनं आलेखाचा कागद पुढं ओढला.

या तपासणीला अनुमापन म्हणतात. आम्ल किती आहे हे थेट मोजता येत नाही, म्हणून त्यात ठाऊक असलेल्या ताकदीचा कॉस्टिक सोडा घालत जायचं आणि किती लागला ते नळीवर वाचायचं. प्रत्येक टप्प्याला सामू नोंदवला की आलेखावर एक रेघ उमटते. सामू हा शब्द माती तपासणीमुळं आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. ही मोजपट्टी सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०९ साली दिली. तिच्यावरची एक पायरी म्हणजे दहापट फरक, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

भाचीनं आधी नुसत्या लॅक्टिक आम्लाची रेघ काढली. दूध नासताना जंतू तयार करतात तेच हे आम्ल. आम्ल २५ मिलिलिटर आणि तेवढ्याच ताकदीचा सोडा. साडेबारा मिलिलिटर सोडा गेला तेव्हा सामू ३.९. चोवीस गेला तरी जेमतेम ५.२. म्हणजे रेघ माळरानावरच्या रस्त्यासारखी सपाट. पण २५ च्या अलीकडं एक थेंब असताना ६.६, आणि पलीकडं एक थेंब गेला की एकदम १०! दोन थेंबांत कडा चढून जाते. औषधाचे थेंब म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन. ते साधारण ८.३ च्या पुढं गुलाबी होतं, म्हणजे बरोबर त्या कड्यावर. म्हणून तिथं गुलाबी रंग दिसला की हिशेब पक्का.

मग तिनं दुधाची रेघ काढली. तिला कडाच नाही! ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास. तिथून रेघ हळूहळू चढते, कारण दुधातली प्रथिनं आणि फॉस्फेट सोडा पीत राहतात. त्यात आंबटपणाचा कणही नसला तरी पितात. १० मिलिलिटर ताज्या दुधाला ठरलेल्या ताकदीचा दीड मिलिलिटर सोडा लागतोच. कागदावर त्याचं ०.१३५ टक्के 'लॅक्टिक आम्ल' होतं. कडा नसल्यामुळं कितपत गुलाबी झाल्यावर थांबायचं हेही संकेतानंच ठरतं. एकाला फिकट दिसलं ते दुसऱ्याला पुरेसं वाटतं.

"गाय कधी व्यायली होती?" भाचीनं विचारलं. मी थबकलो. चारच दिवस झाले होते. चीक संपला असं समजून अब्बांनी दूध घातलं होतं. चिकात प्रथिनं भरपूर, म्हणून तर त्याचा खरवस जमतो. ती प्रथिनं पुढचे काही दिवस हळूहळू ओसरतात आणि तोवर सोडाही जास्त पितात. म्हणजे आकडा वाढला तो शिळेपणामुळं नव्हे. असं दूध केंद्रावर घालू नये हे खरं; तेवढी चूक अब्बांची होतीच. पण शिळं मिसळल्याचा आळ खोटा होता.

उलटही घडतं. खरोखर आंबलेल्या दुधात कुणी खाण्याचा सोडा टाकला तर आकडा खाली येतो आणि दूध ताजं ठरतं. म्हणून डेअऱ्या रोझॅलिक आम्लाची वेगळी चाचणी घेतात. सोडा असेल तर दूध गुलाबी-लाल होतं. त्या दिवशी रांगेत असं दूध कुणाचं होतं का, देव जाणे.

तो कागद घडी करून मी चौफुला-न्हावरे मार्गे घरी आणला. अब्बा आता नाहीत. अम्मी ऐंशीच्या पुढं आहे. तिला दोन्ही रेघा दाखवून सगळं समजावलं. तिनं कागद हातात न घेताच म्हटलं, "त्या सकाळचं दूध मी तापवलं होतं. फुटलं नव्हतं. तेव्हाच सांगितलं होतं मी तुझ्या अब्बांना."