आजी निघाली सागरतळाशी!

किनाऱ्यावर वाढलेल्या बायकांचं आणि समुद्राचं नातं मोठं गमतीचं असतं. भरती-ओहोटीच्या वेळा आम्हाला तोंडपाठ. कुठली मासळी कधी येते, आभाळ कुठल्या बाजूनं भरून आलं की वाळवण आत घ्यायचं, नारळी पौर्णिमेनंतर होड्या कधी सुटणार, सगळं ठाऊक. पण पाण्यात जायचं म्हटलं, की घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत! माझे भाऊ, चुलतभाऊ खाडीत पोहायला शिकले आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, आम्हालाही नाही. त्यामुळे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी कित्येक रविवार समुद्राच्या तळाशी हिंडून आले, असं सांगितल्यावर भिशीतल्या मैत्रिणी चहाचा कप हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

त्याचं असं झालं, 2024च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे मिलवॉकीला होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे शहर, लेक मिशिगनच्या काठावरचं. माझी नात चौदा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब पुण्याहून तिकडे गेलं आणि घरभर चिवचिवणारी ही पोर हळूहळू गप्प होत गेली. ‘शाळा कशी झाली?’ ‘ठीक.’ ‘डबा खाल्लास?’ ‘हो.’ झालं संभाषण! मराठी बोलताना अडायची आणि इंग्रजी बोलताना बुजायची. लेक रात्री भांडी आवरताना म्हणायची, ‘आई, हिच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही गं.’ आईला आपल्या मुलीचं मन कळेनासं होणं म्हणजे काय, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

पण रविवारी दुपारी मात्र चमत्कार व्हायचा. वर्गातली तीन-चार मुलं-मुली यायची, जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे पसरायचे आणि आमची मुखदुर्बळ पोर सलग तीन तास बोलायची! वारा कसा सुटलाय, दार कसं करकरतंय, अंधारात काय हललं... कीर्तनकारासारखी रंगून सांगायची. एका रविवारी एक भिडू आला नाही. नात स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, ‘आजी, एक जण कमी आहे. तू बसशील?’ पोळ्यांचा डबा लावला आणि जाऊन बसले.

या खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केलेला हा खेळ 1974 मध्ये बाजारात आला. पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका. ज्या गावातून तो निघाला ते लेक जिनिव्हा गाव मिलवॉकीहून मोटारीनं तासाभरावर. म्हणजे मी गेले तेव्हा खेळाची पन्नाशी होती आणि मी त्याच्या माहेरीच होते म्हणायचं!

खेळ कसा? एक जण गोष्ट सांगणारा, त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. बाकीचे गोष्टीतली पात्रं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. मास्टर प्रसंग उभा करतो आणि विचारतो, ‘मग तू काय करशील?’ तुम्ही सांगायचं. जमेल की नाही असा प्रश्न आला, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं आणि कुणी एकटा जिंकत नाही. सगळ्यांनी मिळून तरायचं किंवा बुडायचं. माझ्या वाट्याला आली झाडपाल्याची जाणकार, निसर्गाच्या जादूवर जगणारी एक बाई. नाव मीच ठेवलं, तारिणी.

आता तुम्ही म्हणाल, ‘यात समुद्र कुठून आला?’ तो तर या खेळात जवळजवळ पहिल्यापासून आहे. 1975 साली निघालेल्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणी-पुस्तकातच पाण्याखालच्या साहसांचे नियम होते. आम्ही खेळलो ती गोष्ट ‘सॉल्टमार्श’ नावाच्या कोळ्यांच्या गावाची. 1981 ते 1983 या काळात तीन भागांत आलेली, इंग्लंडमधल्या डेव्ह ब्राऊन आणि डॉन टर्नबुल यांनी लिहिलेली. 2019 मध्ये ती नव्या नियमांसह ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’ या पुस्तकात पुन्हा आली.

मी भूगोलाची शिक्षिका, त्यामुळे मला खरी मजा वाटली ती नियमांची. पाण्यात शिरलात की जमिनीवरचं सगळं शहाणपण उलटंपालटं होतं! तलवार फिरवून वार करायला गेलात तर नेम चुकण्याचीच शक्यता जास्त. चालतं काय? तर खंजीर, भाला आणि चक्क त्रिशूळ. कारण साधं आहे. पाण्याच्या टाकीत हात आडवा फिरवून बघा आणि मग बोट सरळ खुपसून बघा, फरक लगेच कळतो. साधा धनुष्यबाण कुचकामी. आगीच्या जादूचा जोर निम्मा. पोहता न येणाऱ्याला तेवढंच अंतर कापायला दुप्पट कष्ट. प्रकाश न्यायचा तर मशाल विझणार. तिथे लागते न विझणारी जादूची ज्योत, आणि तिच्यासाठी खर्च होते माणकांची पूड. नात वर्णन करत होती, की खाली जाताना आधी लाल रंग नाहीसा होतो, मग नारिंगी, मग उरतो नुसता निळा. मी टाळीच दिली! खऱ्या समुद्रातही तसंच होतं. पाणी लाल उजेड आधी गिळतं.

आणि श्वास? धडधाकट वीराला नियमानं तीन-एक मिनिटं दम धरता येतो. त्यानंतर काही सेकंद, आणि खेळ खलास. हा आकडा ऐकून मला कोरियाच्या जेजू बेटावरच्या ‘हेन्यो’ आठवल्या. या पाणबुड्या बायका, त्यातल्या कितीतरी माझ्याहून वयानं मोठ्या, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय दहा-दहा मीटर खाली जाऊन शंखशिंपले काढतात. एका दमात जेमतेम मिनिटभर, पण दिवसातून तासन् तास. वर आल्यावर श्वास सोडताना त्यांच्या तोंडून शीळ उमटते. 2016 मध्ये युनेस्कोनं त्यांच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. मी टेबलावर हे सांगितलं, तशी पोरं खेळ थांबवून ऐकत राहिली. मग नातीनं आमच्या गोष्टीतल्या सागरी कन्यांना वर येताना शीळ घालायला लावली!

आता गोष्टीकडे वळू. सॉल्टमार्शच्या लोकांना कळतं, की किनाऱ्यावरची सरडेमाणसं चोरट्या व्यापाऱ्यांकडून शस्त्रं विकत घेताहेत. म्हणजे गावावर हल्ला होणार! आम्हाला त्यांच्या वस्तीत पाठवलं. मुलांनी दारातच शस्त्रं उपसली. नातीनं माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, ‘आजी, तारिणी काय करेल?’

मी म्हटलं, ‘ते शस्त्रं कुणासाठी जमवताहेत, हे त्यांना कुणी विचारलं का?’

टेबलावर शांतता. नातीच्या चेहऱ्यावर मात्र असं हसू, की काय सांगू! कारण गोष्टीचा गाभा तोच होता. सरडेमाणसांना गावाशी भांडायचंच नव्हतं. ‘सहुआगिन’ नावाच्या क्रूर, शार्कपूजक जलमानवांनी त्यांना त्यांच्याच घरातून हुसकावून लावलं होतं आणि ते इतर जलचर जमातींना एकत्र करून ते घर परत मिळवू बघत होते. तलवार चालवली असती, तर आम्ही आपले मित्रच मारून टाकले असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळात हा धडा! शाळेत वर्गातली भांडणं सोडवताना मी दुसरं काय करत होते?

तिसऱ्या भागात त्या बळकावलेल्या गढीत उतरायचं होतं. तिचे खालचे मजले पाण्याखाली. काम लढाईचं नव्हतं, टेहळणीचं होतं. शत्रू किती, पहारे कुठे, हे बघून जिवंत परत यायचं. तोवर तारिणीला पाण्यात श्वास घेण्याची जादू येऊ लागली होती. एक आखूड बोरू किंवा काडी हातात धरायची, मंत्र म्हणायचा आणि दहा जणांना चोवीस तास पाण्याखाली श्वास घेता येतो. मी मंत्र म्हणून शुभंकरोतीची चाल गुणगुणले. मुलांना काय कळतंय!

या जादूतलं एक कलम मला फार आवडलं. पाण्यातला श्वास मिळाला, तरी हवेतला श्वास जात नाही. दोन्ही राहतात. याच्या अगदी उलट या खेळातला एक प्राचीन राक्षस, ‘अबोलेथ’. 1981 मध्ये तो खेळात आला. माशासारखा प्रचंड देह, पूर्वजांच्याही आठवणी जपणारा, दुसऱ्याचं मन ताब्यात घेणारा. त्याच्या बुळबुळीत स्पर्शानंही पाण्यात श्वास घेता येतो, पण मग हवेत घेताच येत नाही! जोवर अंमल आहे, तोवर वरचा किनारा परका.

त्या रात्री नात माझ्या शेजारी झोपायला आली. अंधारात म्हणाली, ‘आजी, मला ना, अबोलेथ चिकटल्यासारखं वाटतं. तिथे शाळेत धड बोलता येत नाही. आणि आता पुण्याच्या मैत्रिणींशी फोनवर बोलायला गेले की शब्दच आठवत नाहीत.’

दोन वर्षांत तिनं हे आईला सांगितलं नव्हतं. मी काही उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, ‘अगं, अबोलेथचा अंमल तासाभराचा, फार तर चार तासांचा. नियम तुझ्याच पुस्तकात आहे ना? आणि आपल्याकडे बोरू आहे.’ ती हसली. मग सकाळी तिनं स्वतः आईला सांगितलं. मायलेकी ओट्याशी कितीतरी वेळ बोलत होत्या. मी मुद्दाम फिरायला गेले.

त्यानंतर तिनं एक शिस्त लावून घेतली. माझ्यासाठी प्रसंग मराठीत सांगायचा. ‘आजी, टाइडला काय म्हणतात?’ ‘भरती-ओहोटी.’ ‘आणि व्हर्लपूलला?’ ‘भोवरा.’ असे शब्द तिच्या वहीत जमत गेले. मी तिला कृष्णाच्या गुरुदक्षिणेची गोष्ट सांगितली. सांदीपनींचा मुलगा समुद्रात नाहीसा झाला, गुरुपत्नीनं तो मागितला, कृष्ण समुद्रात उतरला, शंखात राहणाऱ्या पंचजन दैत्याला मारलं, पण मुलगा तिथेही नव्हता! शंख घेऊन मग थेट यमाच्या दारी. डोळे विस्फारून ऐकलंन आणि पुढचं साहस त्यावरच रचलं. अमेरिकन पोरं पांचजन्य शंखाच्या शोधात निघाली. अर्जुनाला गंगेतून नागलोकात ओढून नेणारी उलुपीही त्यांना वाटेत भेटली.

शाळेत ती आजही कमीच बोलते, हे सांगायला हवं. एका खेळानं सगळे प्रश्न सुटत नाहीत. पण ‘ठीक’च्या पुढे एखादं वाक्य येतं. आणि तिकडच्या उन्हाळ्यात तिथले सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ, अशा रविवारी माझा फोन वाजतो. पडद्यावर ती, टेबलावर फासे. तारिणी अजून जिवंत आहे!

काही आयांच्या मनात शंका येईल, की हे भुताखेतांचं, राक्षसांचं वेड मुलांना बिघडवणार तर नाही? 1980च्या दशकात अमेरिकेतही या खेळाविरुद्ध मोठी ओरड झाली होती. मुलं सैतानाच्या नादी लागतील म्हणून पालकांनी मोहिमा काढल्या. ते आरोप टिकले नाहीत, खेळ टिकला. माझं मत विचाराल तर एकच सांगेन, दाराबाहेरून काळजी करण्यापेक्षा टेबलाशी बसा.

सुरुवात अवघड नाही. मूळ नियमांचा बराचसा भाग 2023 पासून सर्वांना मुक्तपणे वापरता येतो. वीस बाजूंचा फासा नसेल, तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. इंग्रजी यायलाच हवं असंही नाही. द्वारका, नागलोक, मत्स्यकन्या, आपल्याकडे पाण्याखालच्या गोष्टींना काय तोटा! चार-पाच जण जमवा, एकानं गोष्ट सांगायची आणि प्रत्येकाला पाळीपाळीनं विचारायचं, ‘मग तू काय करशील?’ घरातल्या गप्प मुलांना हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. घरातल्या बायकांना तर त्याहून कमी!

या सुट्टीत करून बघा. आणि हो, एक खुर्ची आजीसाठी ठेवायला विसरू नका.