रस्त्याकाठचे बंद हॉटेल

कोल्हापूरहून पुण्याकडे एस.टी.ने जाताना खिडकीबाहेर नीट पाहा. मध्येच एखादे बंद पडलेले हॉटेल दिसते. पाटीवरची अक्षरे पुसट झालेली असतात, छपराचे पत्रे गेलेले असतात, अंगणात गवत माजलेले असते. तुम्हांला वाटेल, येथील जेवण चांगले नसेल किंवा मालक आळशी असेल. पण कारण पुष्कळदा दुसरेच असते.

असे हॉटेल उभे कसे राहते, ते आधी पाहू. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर असा जाणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4 म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक 48 आहे. कोल्हापूरचा गूळ आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील माल याच रस्त्याने बाहेर जातो. ट्रकचालकाला वाटेत पाणी, सावली, गरम जेवण आणि घटकाभर विश्रांती हवी असते. म्हणून जेथे पाणी आणि ट्रक उभे करायला मोकळी जागा असते, तेथे ढाबा सुरू होतो. चार ट्रक उभे दिसले की पाचवाही थांबतो. शेजारी पंक्चरवाला येतो, पानाची टपरी येते. जवळच्या गावातील दूध, भाजी, कांदे तेथे खपतात आणि तरुणांना काम मिळते.

मुसाफिरांची ही सोय जुनी आहे. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने मोठ्या रस्त्यांवर सराया बांधल्या होत्या. सराई बादशहाची, ढाबा साध्या माणसाचा; पण दोन्हींचे काम एकच. कधी हॉटेलचे नाव त्या जागेलाच मिळते. कोल्हापूर शहरात शिरताना महामार्गावर लागणाऱ्या चौकाला सगळे 'तावडे हॉटेल' म्हणूनच ओळखतात.

मग हॉटेल बंद का पडते? जुना रस्ता दुपदरी होता. दोन्ही दिशांची वाहने हॉटेलपाशी थांबू शकत. 2000 नंतरच्या काही वर्षांत सुवर्ण चतुर्भुज योजनेत हा रस्ता चौपदरी झाला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणाऱ्या या योजनेची लांबी 5,846 किलोमीटर आहे. रस्त्याच्या मध्ये दुभाजक आला आणि पलीकडचे गिऱ्हाईक तुटले. जेथे उड्डाणपूल झाला, तेथे वाहने वरून जाऊ लागली आणि हॉटेल खाली राहिले. कोणाचे अंगण रुंदीकरणात गेले. रस्सा तोच होता, पण खाणारा पुढे निघून गेला.

इतरत्रही असेच घडले. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खोपोली-खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यावरची पुष्कळ वाहने तिकडे वळली. अमेरिकेत '66 क्रमांकाचा रस्ता' 1985 मध्ये महामार्गांच्या यादीतून वगळण्यात आला. नवे मार्ग झाल्यावर त्याच्या काठची अनेक हॉटेले ओस पडली.

म्हणून नवा रस्ता नको, असे म्हणता येणार नाही. दुभाजकामुळे समोरासमोरच्या टकरी टळतात, रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचतो. पण एक प्रश्न उरतो. ज्याची जमीन रस्त्यात जाते, त्याला कायद्याने मोबदला मिळतो. ज्याचे फक्त गिऱ्हाईक जाते, त्याला काय मिळते? आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, दूध घालणारा गवळी यांचे नुकसान सहसा कोणी मोजत नाही.

मुसाफिराची गरज मात्र संपत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. ट्रकांच्या लांब रांगा लागल्या. तेव्हा आसपासच्या लोकांनी अडकलेल्या चालकांना जेवण पोहोचवले.

आता सातारा ते कागल हा रस्ता सहापदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. पुढच्या वेळी बंद हॉटेल दिसले, तर केवळ त्याच्या पडक्या भिंती पाहू नका. दुभाजक कोठे आहे, पूल कोठून सुरू होतो, वाहन वळायला वाट आहे का, हेही पाहा. ते हॉटेल का बंद पडले, हे तुमचे तुम्हांलाच कळेल.