खांद्यातली गाठ फुटत नाही

"मॅडम, जरा जोरात दाबा. गाठ फुटली पाहिजे." सिल्वासाचा टोकरखाडा असो की भिवंडी, फिजिओथेरपीच्या टेबलावर पालथा पडलेला कामगार हमखास हेच सांगतो. आणि अंगठा रुतला की दात आवळून म्हणतो, "हां, तिथंच."

दादरा-नगर हवेलीत करसवलतींमुळे कारखाने आले आणि सिल्वासा हे पॉलिस्टर धाग्याचं गाव झालं. टेक्श्चरायझिंग यंत्रावर काम म्हणजे कच्च्या धाग्याची जड बॉबिन उचलून क्रीलवर, म्हणजे बॉबिनच्या मांडणीवर, चढवायची, तुटलेलं टोक शोधून जोडायचं, भरलेली बॉबिन उतरवायची. यातलं बरंचसं काम हात खांद्याच्या वर नेऊन आणि मान मागे टाकून करावं लागतं. पाळी संपली की मान आखडते, खांद्यात गोळा येतो, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाकडून तरी चोळून घ्यावंसं वाटतं.

शिकलेला हात हे चोळणं कसं करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूवर थेरपिस्ट आधी नुसता तळहात ठेवते. तेल अगदी बेताचं, कारण जास्त झालं तर बोट घसरतं आणि कातडीखालचं काही कळत नाही. सुरुवातीला मानेकडून खांद्याकडे लांब, संथ हात फिरतो. मग अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये स्नायूची कड धरून ती तंतूंना आडवी मळली जाते. एका जागी ताठ पट्टा लागतो. त्यावर दाब धरला की कळ तिथेच थांबत नाही. मानेच्या बाजूने वर कानामागे आणि तिथून कानशिलापर्यंत जाते. थेरपिस्ट दाब वाढवत नाही, तेवढाच धरून ठेवते. अर्ध्या-पाऊण मिनिटात कळ ओसरते, आणि मघाशी अडणारी मान थोडी जास्त वळते.

मग गाठ फुटली का? फुटायला तिथे काही नव्हतंच. अशा दुखऱ्या जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. जॉन केनेडी यांच्यावर उपचार करणाऱ्या अमेरिकन डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासह 1983 मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ काढला. कुठली जागा दाबली की कळ कुठे जाते, याचे त्यांनी काढलेले नकाशे आजही दवाखान्यांच्या भिंतींवर दिसतात. त्या जागी नेमकं काय बिघडलेलं असतं, यावर मात्र अजून वाद आहे. दोन अनुभवी तपासनिसांची बोटं एकाच रुग्णाच्या एकाच जागी पडतील, याचीही खात्री देता येत नाही. दुखणं खरं असतं. त्याला गाठीचा आकार देतो तो आपला समज.

दुसरा समज स्नायूंवरच्या आवरणाचा, म्हणजे फॅशियाचा. हे आवरण चिकटतं, आखडतं आणि मालिशने सैल होतं, असं अनेक अभ्यासक्रमांत शिकवलं जातं. 2008 मध्ये हान्स चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा आणि तळपायाचा फॅशिया फक्त 1 टक्का दाबायचा किंवा सरकवायचा, तरी जे बळ लागतं ते माणसाचा हात लावू शकेल त्याच्या पलीकडचं निघालं. नाकातला नाजूक फॅशिया तेवढा हाताने हलू शकतो. अंगठा मोडेपर्यंत दाबणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, असं मला मनापासून वाटतं. दाबणाऱ्याचा अंगठाही कामाचाच असतो, आणि या व्यवसायात अंगठ्याचे सांधे लवकर झिजतात.

मान वळली हे तर डोळ्यांदेखत घडलेलं असतं. त्याचं उत्तर मज्जासंस्थेत आहे. कातडी आणि स्नायूंमधल्या चेताग्रांना दाब, ताण, कंप कळतो. हा दाब विजेच्या संदेशात बदलणारे पिएझो रेणू शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. स्पर्शाचे संदेश जाड, जलद तंतूंमधून येतात. दुखण्याचे बरेचसे बारीक, सावकाश तंतूंमधून. मणक्यातल्या मज्जारज्जूत ही दोन्ही टपालं एकाच खिडकीवर येतात, आणि स्पर्शाची रीघ लागली की दुखण्याची पत्रं मागे पडतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या या कल्पनेत पुढे खूप दुरुस्त्या झाल्या, पण तिचा गाभा टिकला. शिवाय केसाळ कातडीत एका जातीचे तंतू असे आहेत, की जे सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार हातालाच सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. त्यांचा संदेश मेंदूच्या भावनेशी जोडलेल्या भागांकडे जातो. थेरपिस्टचा तो पहिला संथ हात म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. आपल्याला इजा होत नाहीये, हे मेंदूला त्यातून कळतं, आणि मग तो जास्त ताण सहन करू देतो. स्नायू लांब झालेला नसतो, त्याच्यावरचा पहारा ढिला पडलेला असतो.

खुद्द स्नायूवरही थोडा परिणाम होतो. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावलं आणि एकाच पायाला 10 मिनिटं मालिश दिली. मग दोन्ही मांड्यांमधले स्नायूचे बारीक तुकडे तपासले. 2012 मध्ये निकाल आला: मालिश झालेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते. लॅक्टिक आम्ल मात्र दोन्ही पायांत सारखंच. "चोळलं की आम्ल निघून जातं" हे जिमपासून कुस्तीच्या आखाड्यापर्यंत ऐकू येणारं वाक्य त्या दिवशी खोटं ठरलं.

हातांना शास्त्राची शिस्त लागली ती 19 व्या शतकात. स्टॉकहोममध्ये पेर लिंग यांनी 1813 मध्ये व्यायामाची संस्था काढली. चोळणं, मळणं, घासणं, थापटणं अशी जी वर्गवारी आज शिकवतात तिचं श्रेय बहुधा डच डॉक्टर योहान मेट्झगर यांना देतात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या जेम्स सिरियॅक्स यांनी स्नायुबंधाच्या नेमक्या दुखऱ्या जागी, तेलाशिवाय, तंतूंना आडवं घर्षण देण्याची पद्धत रूढ केली. भारतात या विद्येची पहिली शाळा 1953 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने निघाली. घरोघरी बाळंतिणीला आणि बाळाला चोळणाऱ्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या, आणि त्यांच्या कामाचीही मुंबईतच परीक्षा झाली: सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बाळांवर केलेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन अधिक वेगाने वाढलं.

काही ठिकाणी मात्र चोळण्याला सक्त नकार द्यायला हवा. पोर झाडावरून किंवा ओट्यावरून पडतं, कोपर सुजतं, आणि घरचे त्याला हाडवैद्याकडे नेतात. तो तेल लावून कोपर रगडतो, जोर लावून वाकवतो. दुखावलेल्या स्नायूत साकळलेल्या रक्ताच्या जागी मग हाड धरू लागतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात याला. ज्या मालिशने सूज उतरेल असं वाटलं होतं, तिनेच कोपर अर्धवट वाकलेलं राहतं. भाकरीचा घास तोंडापर्यंत नेणंही अवघड होतं. हे आपल्याकडे इतकं घडतं की भारतीय अस्थिरोगाच्या पाठ्यपुस्तकांत कोपराच्या दुखापतीनंतर मालिश नको, हे ठळकपणे लिहिलेलं असतं. पालघर असो, नाशिक असो की खानवेल, ताज्या मुक्या माराला आणि सुजलेल्या कोपराला हात लावायचा नाही. हात झोळीत घालून आधी एक्स-रे काढायचा. तसंच एकाच पायाची पोटरी अचानक सुजून गरम झाली आणि दुखू लागली, तर ती चोळू नये. आत शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मग मालिशचा फायदा टिकतो किती? पाठदुखीबद्दल कॉक्रेन संस्थेचा 2015 चा आढावा 25 चाचण्या आणि 3,000 हून अधिक रुग्ण तपासून सांगतो, की मालिशने काही दिवस आराम पडतो, पुढे फरक उरत नाही. आणि हा पुरावाही कच्चा आहे. मानदुखीवर अमेरिकेत 228 जणांची चाचणी झाली, तिचा निकाल 2014 मध्ये आला. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी तासभर मालिश झाली तर चांगला फायदा दिसला; अर्ध्या तासाच्या मालिशचा म्हणावा तसा दिसला नाही. पाळीत काम करणाऱ्या माणसाने आठवड्याला तीन तास आणि तेवढे पैसे आणायचे कुठून?

म्हणून चांगला थेरपिस्ट हाताने मिळवलेली ती थोडी मोकळीक वाया जाऊ देत नाही. टेबलावरून उठवून लगेच खांद्याची पाती मागे ओढायला लावतो, रबरी पट्टा ताणायला देतो, पुढच्या खेपेला पट्टा जाड करतो. टिकाऊ फरक पडतो तो स्नायूत आलेल्या ताकदीने, आणि तिला काही आठवडे लागतात.

आणि तेवढ्यावरही भागत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तोच खांदा त्याच उंचीवर तेच वजन चढवणार असतो. क्रीलच्या वरच्या रांगेसाठी पायाखाली पक्का फलाट, बॉबिन कमरेच्या उंचीवर आणणारी ढकलगाडी, दर दोन तासांनी कामाची अदलाबदल, हे काम कारखान्याच्या व्यवस्थापकाचं आहे. फिजिओथेरपिस्टने आपल्या कागदावर व्यायामाच्या खाली तेही लिहून द्यावं, आणि कामगाराने तो कागद सुपरवायझरला दाखवावा.