मागे राहणाऱ्यांसाठी : दोन देशांतील मालमत्ता आणि मृत्युपत्र

अंत्यविधीला जमलेले आपण सारे अनित्यतेची गाथा म्हणतो आणि घरी परतल्यावर स्वतःच्या कपाटातील कागदपत्रांना मात्र हात लावत नाही. ‘मृत्युपत्र’ हा शब्द वडीलधाऱ्यांपुढे उच्चारायलाही संकोच वाटतो. परंतु ब्रिटनमध्ये दोन-तीन दशके राहिलेल्या आपल्या पिढीची मालमत्ता आता दोन देशांत विभागली आहे; मुले इथली, आईवडील तिथले. अशा घरातील कर्ते माणूस मृत्युपत्राविना गेले, तर ऐन दुःखाच्या दिवसांत दोन देशांच्या कायद्यांना तोंड देण्याचे काम मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणून या कायद्यांतील मूलभूत कल्पना समजून घेऊ. येथील विवेचन इंग्लंड व वेल्सपुरते आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

मृत्युपत्र नसेल तर

एक काल्पनिक पण ओळखीचे कुटुंब घेऊ. नागपूरहून आलेले जोडपे लेस्टरला स्थायिक झाले आहे. दोन शाळकरी मुले आहेत. घर पतीच्या एकट्याच्या नावे, किंमत ५,००,००० पौंड. शिल्लक १,००,००० पौंड. नागपुरात पतीच्या स्वकमाईचा एक फ्लॅट असून त्यात त्याची आई राहते. पती मृत्युपत्र न करता वारला.

इंग्लंडच्या कायद्यानुसार पत्नीला घरगुती चीजवस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्याचा अर्धा भाग मिळतो. दुसरा अर्धा भाग मुलांचा असतो व तो ती १८ वर्षांची होईपर्यंत विश्वस्तांकडे राहतो. म्हणजे ६,००,००० पौंडांपैकी पत्नीचे ४,६१,००० आणि मुलांचे १,३९,०००. शिल्लक एकच लाख असल्याने मुलांचा काही वाटा घराच्या किमतीत अडकतो आणि राहत्या घरावर तिचा पूर्ण ताबा राहत नाही. आईला यातून काहीच मिळत नाही. विवाह न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही आपोआप काही मिळत नाही, मग सहवास कितीही वर्षांचा असो.

नागपूरच्या फ्लॅटला मात्र भारतीय कायदा लागू होतो, कारण स्थावर मालमत्ता जिथे असते तिथला कायदा तिच्या वारसाचा निर्णय करतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. त्यानुसार पत्नी, दोन मुले आणि आई यांचे चार समान वाटे पडतात. माणूस एक, कुटुंब एक. वाटणी मात्र दोन देशांत दोन प्रकारची.

स्त्रियांनी याच कायद्याचे आणखी एक कलम ध्यानात ठेवावे. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वकमाईच्या मालमत्तेवरही तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. जिने आयुष्यभर नोकरी करून माहेरचे आईवडील सांभाळले, तिची कमाई अशा रीतीने दिराच्या घरी जाऊ शकते. हे टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे मृत्युपत्र.

वैध मृत्युपत्र

इंग्लंडमध्ये १८३७ चा कायदा आजही आधारभूत आहे. करणारी व्यक्ती १८ वर्षांची व सुबुद्ध असावी, मजकूर लेखी असावा आणि एकाच वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांसमोर सही व्हावी. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्राने दिलेली देणगी रद्द ठरते. म्हणून ज्यांना काही द्यायचे आहे त्यांना साक्षीला बोलावू नये. विवाह झाला की आधीचे मृत्युपत्र सामान्यतः रद्द होते. भारतातही दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण पुढचे वाद टाळण्यासाठी ती करून घेणे हिताचे.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे आपल्या पश्चात देणी फेडून वाटप करणारी व्यक्ती, नेमता येते. तितकेच महत्त्वाचे म्हणजे अज्ञान मुलांचे पालक नेमता येतात. आईवडील दोघेही एकाच अपघातात गेले आणि असे नाव लिहिलेले नसले, तर मुलांनी कोणाकडे राहावे हे ठरवण्याची वेळ न्यायालयावर येऊ शकते. आजी-आजोबा भारतात असतील, तर ते येईपर्यंत मुलांना सांभाळणारे इथले कोणी जवळचे स्नेही आधीच विचारून ठरवून ठेवावेत.

दोन देशांत मालमत्ता असणाऱ्यांनी दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करणे सोयीचे असते. मात्र एक सापळा आहे. ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे’ हे वाक्य बहुतेक नमुन्यांत छापलेलेच असते. इंग्लंडच्या मृत्युपत्रात ते तसेच राहिले, तर नागपुरात केलेले मृत्युपत्रही त्याने रद्द होऊ शकते. प्रत्येकात ‘फक्त या देशातील मालमत्तेपुरते’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

भारतातील बँक खात्यावर भावाचे नाव नॉमिनी म्हणून घातले, की ती रक्कम भावाची झाली असा समज सर्वत्र आढळतो. नॉमिनी बँकेकडून पैसे स्वीकारतो. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांची असते. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. भावाभावांतील कित्येक अबोल्यांचे मूळ या एका गैरसमजात असते.

विश्वस्तनिधी

ट्रस्टची कल्पना साधी आहे : कागदोपत्री मालकी एकाची, लाभ दुसऱ्याचा. विश्वस्त मालमत्ता सांभाळतो, पण स्वतःसाठी वापरू शकत नाही. मृत्युपत्रातच असा निधी निर्माण करता येतो. १८ व्या वर्षी मोठी रक्कम मुलाच्या हाती पडू नये, असे वाटत असेल तर २१ किंवा २५ वर्षांची अट घालता येते. विकलांग अपत्यासाठी तर हा मार्ग विशेष मोलाचा आहे. काही ट्रस्टांवर वेगळे कर लागतात, त्यामुळे रचना सॉलिसिटरकडूनच करून घ्यावी.

कर

मृताच्या मालमत्तेपैकी ३,२५,००० पौंडांपर्यंत वारसा कर नाही. राहते घर मुला-नातवंडांना दिल्यास आणखी १,७५,००० पौंडांपर्यंत सूट मिळते. त्यावरील भागावर ४० टक्के कर बसतो. पती-पत्नींमधील देणगी सामान्यतः करमुक्त असते. परंतु मृत व्यक्ती इथली दीर्घकालीन रहिवासी असून जोडीदार तसा नसेल, तर या सवलतीलाही ३,२५,००० पौंडांची मर्यादा आहे. ६ एप्रिल २०२५ पासून मागील २० करवर्षांपैकी १० वर्षे ब्रिटनमध्ये राहिलेल्या व्यक्तीची जगभरातील मालमत्ता या कराच्या कक्षेत येते. भारताशी या विषयावर १९५६ चा करार आहे. तो आपल्याला कितपत लागू होतो हे तज्ज्ञाला जरूर विचारावे.

ब्रिटनमधील नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेले दान करमुक्त आहे. गावच्या विहाराच्या भारतीय ट्रस्टला थेट दिलेल्या दानाला ही सवलत मिळत नाही.

जिवंतपणीचे दोन कागद आणि एक संभाषण

पक्षाघाताने बोलणे गेले किंवा स्मृतिभ्रंश झाला, तर मृत्युपत्र उपयोगी पडत नाही. त्यासाठी ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’ हवी : एक आर्थिक व्यवहारांसाठी, दुसरी आरोग्य व देखभालीसाठी. ती बुद्धी शाबूत असतानाच करावी लागते आणि नोंदवावीही लागते.

संभाषण अंत्यविधीविषयीचे आहे. इंग्लंडमध्ये याबाबत मृत्युपत्रात लिहिलेली इच्छा बंधनकारक नसते आणि मृत्युपत्र उघडण्यापूर्वीच बहुधा सारे उरकलेले असते. बौद्ध पद्धतीने विधी व्हावा, अस्थी कुठे न्याव्यात, हे एक्झिक्युटरला आणि मुलांना आताच सांगावे. शक्य तर लिहून द्यावे.

मुलींचा वाटा

मुलीला मुलाइतकाच वाटा, हे हिंदू कोड बिलाच्या मसुद्यातील तत्त्व बाबासाहेबांनी आग्रहाने धरले. बिल रखडले आणि १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना जन्मसिद्ध समान हक्क मिळायला २००५ ची दुरुस्ती व्हावी लागली. असे असताना आपल्या घरांतून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि मृत्युपत्राच्या एका ओळीने लेकींना वगळलेही जाते. कायदा तशी मुभा देतो. आपण ती घ्यावी का, हा विचार लेखणी उचलण्यापूर्वी व्हायला हवा.

सुरुवात सोपी आहे. येत्या रविवारी पती-पत्नींनी एकत्र बसून दोन्ही देशांतील घरे, जमिनी, खाती, विमा, पेन्शन आणि कर्जे यांची यादी करावी. प्रत्येकापुढे नाव कोणाचे, नॉमिनी कोण आणि कागद कुठे आहेत, हे लिहावे. ती यादी घेऊन सॉलिसिटरकडे जावे आणि मूळ मृत्युपत्र कुठे ठेवले आहे, ते निदान एका विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे.